दुखतो म्हणून दात काढत नाहीत

हुणसूर रस्ता आणि म्हैसूरचा रिंगरोड जिथे एकमेकांना छेदतात, तिथे उड्डाणपुलाच्या कुशीत हिनकल आहे. एके काळचं खेडं, आता शहरानं गिळलेलं. नन्नेश्वराचं जुनं देऊळ अजून आहे. पण त्याच्या आजूबाजूला मोबाइलची दुकानं, दर्शिनी हॉटेलं आणि पीजींच्या पाट्या उगवल्या आहेत. जवळच हेब्बाळला इन्फोसिसचा प्रचंड परिसर आणि कारखाने असल्यामुळे या पीजींमध्ये लातूर-नांदेडपासून सगळीकडची पोरं भरलेली. माझी मुलगी इथे राहते. निवृत्त झाल्यापासून वर्षातले दोन-तीन महिने माझा मुक्काम तिच्याकडे असतो, आणि चाळीस वर्षं दाताच्या खुर्चीशेजारी उभं राहिलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही, म्हणून संध्याकाळी मी जवळच्या एका दवाखान्यात जाऊन बसतो. तिथली डॉक्टर मूळची म्हैसूरची, पण शिकली बेळगावला. त्यामुळे तिला मराठी येतं, तेही खास बेळगावी.

एका शनिवारी संध्याकाळी एक पोरगा गालावर हात धरून आला. वय बावीस-तेवीस. गाल सुजलेला, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. तीन रात्री झोप नव्हती. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला, ‘‘मॅडम, काढूनच टाका एकदाची. सहनच होत नाही.’’

डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाली, ‘‘आज काढायचं नाही बघ. आठ दिवसांनी ये.’’

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मध्यस्थी करावी. मराठी माणूस दिसला की परगावात एवढी आशा वाटतेच. मी मान हलवली ती डॉक्टरच्या बाजूनं. तो का परतला आणि आठ दिवसांनी काय झालं ते पुढे येईल. आधी त्याचा समज पाहू, कारण तो त्याच्या एकट्याचा नाही. दात फार दुखला की काढावा लागतो, असं आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकजण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. अतोनात दुखणारा दात बहुतेक वेळा वाचवता येतो. जो काढावाच लागतो तो पुष्कळदा अजिबात दुखत नसतो.

हे समजायला दात आतून कसा असतो ते बघायला हवं. बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून ते दुखत नाही आणि एकदा गेलं की परत उगवतही नाही. त्याखाली डेंटिन, त्यात सूक्ष्म नळ्या. आणि मध्यभागी एका बंद कोठडीत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. दर वेळी चहा-बिस्कीट झालं की थोडा वेळ हा खेळ चालतो, मग लाळ तो भरून काढते. दिवसातून दहा वेळा काहीतरी गोड तोंडात गेलं तर लाळेला भरून काढायला उसंत मिळत नाही, आणि खड्डा पडतो.

खड्डा गरापर्यंत पोहोचला की गर सुजतो. बोट सुजलं तर कातडी ताणली जाते; दाताच्या कोठडीच्या भिंती ताणत नाहीत. सूज तिथेच दबते आणि ठणका बसतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्रीच का दुखते याचं कोडं सुटतं. पण नीट लक्षात घ्या: ठणका म्हणजे आतला गर अजून जिवंत आहे, लढतो आहे. दाताची मुळं आणि भोवतालचं हाड यांना अजून धक्का लागलेला नसतो. गर काढून नळ्या साफ करून भरल्या, म्हणजे रूट कॅनाल केलं आणि वर कॅप बसवली, की तो दात आणखी कैक वर्षं चघळायचं काम करतो.

मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. माणूस खूश होतो. काही जण त्याचं श्रेय लवंगेला देतात, काही कुणी दिलेल्या मंत्राला. प्रत्यक्षात गर मेलेला असतो. आता संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो, हिरडीवर पुळी येते, तीही फुटते आणि बरं वाटतं. माझ्याकडे आलेल्यांपैकी सगळ्यात बिघडलेल्या दाढांच्या मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ‘‘आता दुखत नाही डॉक्टर, मागच्या वर्षी दुखत होती.’’

किडलेल्या दाताला कन्नडमध्ये ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात. हुळु म्हणजे किडा. आपणही कीड लागली म्हणतो. दोन्ही भाषांनी दातात किडा असल्याचं मानलं. हा समज जगभर होता, बाबिलोनच्या मातीच्या पाटीवरही दाताच्या किड्याची कथा कोरलेली सापडली आहे. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाताचे किडे पाडणारी माणसं माझ्या लहानपणी मी पाहिली आहेत. तापलेल्या कौलावर बिया टाकायच्या, त्यावर नळी धरून धूर तोंडात घ्यायचा, आणि मग पाण्यात पांढरे बारीक ‘किडे’ तरंगताना दाखवायचे. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांनी करत. तापून बी फुटलं की आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो आणि अळीसारखा दिसतो. किडे बियांमधले, दातातले नव्हेत. धुरानं थोडा वेळ बधिर वाटत असेल, ते वेगळं.

तर किडीमुळे दात केव्हा काढावा लागतो? जेव्हा उभं राहायला काही उरलेलं नसतं तेव्हा. कॅप बसवायची तर हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर धडधाकट दात लागतो. कीड हिरडीखाली, हाडाच्या कडेपर्यंत उतरली असेल तर कॅपला धरायला काही मिळत नाही. मोठ्या दाढेच्या दोन मुळांच्या मधोमध, जिथे ती फुटतात तिथे कीड गेली तरी तेच. आणि दाढ उभी चिरली असेल तर मात्र विचारच करायचा नाही. रूट कॅनाल केलं, ‘कॅप नंतर बघू’ म्हटलं, आणि दिवाळीत अडकित्ता न शोधता अख्खी सुपारी दातानं फोडली, असे किती तरी जण आले आहेत. मुळाला उभी चीर गेली की ती जोडणारं सिमेंट अजून निघालेलं नाही. म्हैसूरकडे विड्याच्या पानाला तर मान आहे. इथल्या पानाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पानाबद्दल माझी तक्रार नाही. त्यातल्या सुपारीबद्दल आहे, आणि ती दाढेपुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली सुपारीला, नुसत्या सुपारीलासुद्धा, कर्करोगकारक ठरवलं आहे.

आता न दुखणाऱ्या दाताकडे येतो. हिनकलच्या त्या दवाखान्यात एक आजी येतात. घरात मराठी बोलणारं, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं कुटुंब. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलंय की वेगळं काढता येणार नाही. बत्तीशीतला एकही दात किडलेला नाही, याचा त्यांना सार्थ अभिमान. खालचे पुढचे चार दात मात्र जिभेनं ढकलले तरी हलतात. डॉक्टरनं ‘हे चार काढावे लागतील’ म्हटल्यावर त्या भडकल्या. ‘‘नोवू न्हाई, कीड न्हाई, मग का काढायचे?’’ नोवू म्हणजे दुखणं.

डॉक्टरनं त्यांना एक्स-रे उजेडात धरून दाखवला. मी मागे उभा होतो. दाताचं मूळ हाडात खुंटासारखं पुरलेलं असतं. आजींच्या चित्रात हाडाची कड मुळाच्या टोकाशी आली होती. खुंट तसाच, पण भोवतालची जमीन वाहून गेलेली. हे काम जंतू आणि किटण यांचं. दातांवर साचलेला चिकट थर निघाला नाही तर लाळेतल्या खनिजांमुळे तो घट्ट होतो, ते किटण. ते हिरडीखाली सरकत जातं, हिरडी सुजते, तिच्याखालचं हाड हळूहळू झिजतं. यात ठणका नसतो. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दातांमध्ये फटी पडतात, एवढंच. त्यातून मधुमेह असेल तर गती वाढते, आणि उलट हिरड्यांचा आजार असला की साखरही लवकर आटोक्यात येत नाही. आजींना मधुमेह आहे.

यात त्यांनी पूर्वी नंजनगूडची पूड वापरली, आता पेस्ट वापरतात, याचा फारसा संबंध नाही. नंजनगूडची ‘हल्लुपुडी’ १९१३ पासून या भागात घरोघरी आहे, तसंच आपल्याकडे माकडछाप काळं मंजन आणि पुढे विको वज्रदंती. पेस्ट की पूड हा वाद मी दवाखान्यात कधी होऊ दिला नाही. काय लावता यापेक्षा दोन दातांमधल्या फटीपर्यंत काही पोहोचतं का, एवढाच प्रश्न असतो, आणि बोटानं घासलं तर पोहोचत नाही. मशेरीचं मात्र वेगळं आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका सकाळी दाताला मशेरी लावतात. नाव दात घासण्याचं आणि काम तंबाखूचं. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो, त्यामुळे रक्त येणं, लाली, सूज या धोक्याच्या खुणाच दिसेनाशा होतात. हिरडी वरून टणक दिसते आणि आत हाड गेलेलं असतं. मशेरी लावणाऱ्या बाईचा दात हलायला लागेपर्यंत तिला काही कळतच नाही.

आजींचे चारही दात शेवटी काढले. पाच मिनिटांचं काम. हाड धरून नसलं की दात हातात येतो. काढून झाल्यावर त्या आरशात बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘वरचे असते तर दिले नसते हं मी. डोळे जातात.’’

वरचा दात काढला की डोळा अधू होतो, ही भीती मी सांगलीत ऐकली, बेळगावात ऐकली, मुंबईत चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली. मी बरीच वर्षं तिला अडाणीपणा म्हणत होतो. मग एकदा सुश्रुतसंहितेतलं चिकित्सास्थान वाचायला घेतलं आणि ओशाळलो. दंतरोगांच्या चिकित्सेत सुश्रुत स्पष्ट सांगतो की घट्ट बसलेला वरचा दात मुळासकट काढला तर अतिरक्तस्रावानं घोर रोग होतात, माणूस काणा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो काढू नये. म्हणजे आपल्या आज्या ऐकीव गप्पा मारत नव्हत्या, त्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शल्यशास्त्राचा दाखला देत होत्या. तोच सुश्रुत जास्तीचा आलेला दात, अधिदंत, काढून त्या जागी डाग द्यायला सांगतो. म्हणजे दात काढायला त्याचा सरसकट विरोध नव्हता. वरच्या दाताला होता.

शरीररचनेच्या हिशेबानं हे बसत नाही. दातांची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेकडे असते. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याभोवतीची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या. दृष्टीची नस यांपैकी कुठलीच नाही, ती दुसरी, संपूर्ण स्वतंत्र. दात काढल्यानं तिला काही होत नाही. मग सुश्रुतानं काय पाहिलं असेल? माझा तर्क असा. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढते आणि डोळा मिटतो. चेहऱ्यावरच्या शिरांमधून असा संसर्ग क्वचित डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी पोहोचतो, आणि तेव्हा डोळाच काय, जीवही जाऊ शकतो. त्या काळी माणूस दात काढायला येई तो अशा अवस्थेत. दात काढला, दोन दिवसांनी डोळा गेला. दोष काढण्याला लागला. खरा दोष दात इतके दिवस ठेवण्याचा होता.

खालच्या दाढेचा असाच एक मार्ग गळ्याकडे जातो. विल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून आजही त्याला लुडविगचंच नाव आहे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर ढकलली जाते, गिळता येत नाही, श्वास अडकतो. अशा वेळी दवाखाना शोधत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावं. या एका ठिकाणी मी ‘दुखतोय म्हणून पळा’ असं म्हणेन.

आता तो शनिवारचा पोरगा. त्याची खालची उजवी अक्कलदाढ अर्धवट वर आली होती. अक्कलदाढ येते ती साधारण सतरा ते पंचवीसच्या दरम्यान. पहिली नोकरी, पहिलं परगाव, पहिली पीजी, आणि अक्कलदाढ. जबड्यात तिला जागा नसते, म्हणून ती आडवी होते आणि पुढच्या दाढेच्या पाठीवर डोकं टेकून अडकते. अर्ध्या बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पडदा राहतो, त्याखाली अन्न जातं, ब्रश पोहोचत नाही, पू होतो. तोंड उघडत नाही. अशा सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या मांसात भुलीचं इंजेक्शन नीट काम करत नाही, आणि एक बोट उघडणाऱ्या तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचवणं म्हणजे बाटलीच्या तोंडातून आत सुई ओवणं. म्हणून ‘आज नाही’. डॉक्टरनं पडद्याखाली कोमट सलाइननं धुतलं, गोळ्या दिल्या.

आठ दिवसांनी तो आला तो हसत. सूज नव्हती. आता त्याला दाढ काढायची नव्हती! सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे, ओपीजी, काढला तेव्हा दिसलं की आडवी दाढ पुढच्या दाढेच्या मुळाशी टेकली आहे आणि मधल्या फटीत पुढच्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली आहे. आत्ता अक्कलदाढ काढली तर पुढची वाचणार होती. दोन वर्षं थांबला तर दोन्ही जाणार होत्या. शनिवारी रडत ‘काढा’ म्हणत होता तेव्हा काढणं चुकीचं, आज हसत ‘नको’ म्हणत होता तेव्हा काढणं बरोबर. त्याला पटायला अर्धा तास लागला. मराठीत समजावणारा मी होतो, हे माझं या प्रकरणातलं एकमेव कर्तृत्व.

अक्कलदाढ आडवी आहे म्हणून सरसकट काढावी असं मात्र नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००० साली सूचनाच काढली की त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाखालून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. तिला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो, काही वेळा कायमचा. ही किंमत मोजायला कारण तेवढं भक्कम लागतं.

चांगले दात काढण्याचे प्रसंग थोडक्यात सांगतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तारा लावायच्या असतील आणि जबडा लहान, दात मोठे असतील, तर चार उपदाढा काढून जागा करतात. आईबाप हबकतात, पण कारण खरं असतं, फक्त ते कागदावर मोजून दाखवायला सांगावं. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार होणार असतील तर आधी दोन-तीन आठवडे शंकास्पद दात काढून टाकतात, कारण किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर काढलेल्या दाताची जखम भरत नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांआधीही तेच. दुधाचा दात पडत नाही आणि मागून पक्का दात आलाय, मुलाच्या तोंडात दोन ओळी दिसतात, तेव्हा आया घाबरून येतात. बहुतेक वेळा तो आपोआप पडतो. पडला की तो शेणात घालून कौलावर टाकायचा, हा विधी मला अजूनही आवडतो.

काढण्याच्या कारणांत फॅशनही असते. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं मॉन्ट्रियलला एक भाषण केलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं संधिवात, पोटदुखी, निद्रानाश, जे काही समजत नाही त्याचं मूळ दातांतल्या संसर्गात शोधलं जाऊ लागलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरनं वेडाचा इलाज म्हणून रुग्णांचे दात उपटले. ते बरे झाले नाहीत, बोळके झाले. हे वाचल्यापासून दातावर सगळ्या शरीराचा आरोप ठेवण्याकडे मी संशयानं बघतो, आणि आजही कुणी ‘सगळे दात काढून टाका, गुडघे बरे होतील’ म्हणालं तर ऐकू नका.

आणि एक कारण, जे पाठ्यपुस्तकात नसतं. सांगलीत असताना गळीत हंगामात एक ऊसतोड मजूर आला. खालची पहिली मोठी दाढ, जी वयाच्या सहाव्या वर्षी येते आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त राबते, ती. गर उघडा पडला होता. हाड उत्तम, मुळं उत्तम. रूट कॅनालला तीन खेपा आणि वर कॅप. मी ते सांगितलं. तो म्हणाला, ‘‘सायेब, उद्या फड हलतोय आमचा.’’ त्याच्याकडे उद्या नव्हता आणि पैसेही नव्हते. दाढ काढणं रूट कॅनाल-कॅपच्या किती तरी पटींनी स्वस्त. मी दाढ काढली. ती हातात घेऊन पाहिली तेव्हा मुळं पांढरीशुभ्र, टणक होती. आज मला वाटतं, निदान गर काढून तात्पुरतं सिमेंट भरून द्यायला हवं होतं. महिना-दोन महिने निघाले असते, कदाचित पुढच्या गावात कुणी पुरं केलं असतं. आपल्या देशात चांगल्या दाढा पाकिटाच्या रोगानं जातात, आणि त्यावर माझ्याजवळ औषध नव्हतं.

दात काढतात कसा, याबद्दलही एक गैरसमज. उपटत नाहीत. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची धाग्यांची गादी असते. एलिव्हेटर नावाच्या हत्यारानं ती सैल करतात आणि चिमट्यानं दात आधी आत दाबून मग इकडेतिकडे हलवत खड्डा रुंद करतात, जमिनीतला खुंट काढावा तसा. दाब जाणवतो, दुखत नाही, कारण भूल असते. भुलीच्या इतिहासात दंतवैद्यांचा मोठा वाटा आहे: होरेस वेल्स या दंतवैद्यानं १८४४ च्या डिसेंबरात लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि दोन वर्षांनी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं बॉस्टनला इथरचा प्रयोग जाहीर करून दाखवला. काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, बिडी-तंबाखू तर नाहीच. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी म्हणजे नैसर्गिक पट्टी. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की मूळ दुखणं बरं वाटावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा, ते ठरवतील.

दरवर्षी दसऱ्याआधी हुणसूर तालुक्यातल्या वीरनहोसहळ्ळीहून हत्ती म्हैसूरला निघतात. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात. एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. सहावा झिजला की म्हातारा हत्ती नीट चावू शकत नाही आणि उपासमारीनं खंगतो. आपल्याला दोनच मिळतात, वीस दुधाचे आणि बत्तीस पक्के, आणि सहाव्या वर्षी आलेली दाढ आपण ऐंशीपर्यंत चालवायची अपेक्षा करतो.

म्हणून शेवटी उलट्या प्रसंगाबद्दल. खेळताना, स्कूटरवरून पडून, मुलाचा पक्का दात अख्खा मुळासकट बाहेर आला तर तो फेकू नका, पुसू नका, मुळाला हात लावू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून, माती लागली असेल तर दुधानं किंवा सलाइननं क्षणभर धुऊन, जागच्या जागी बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. बसवता आला नाही तर थंड दुधात घालून तसाच दवाखान्यात आणा. अर्ध्या तासाच्या आत आणलात तर तो पुन्हा धरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवू नका.